मुंग्यांचा दासोह

होनवाडीत शिवकांताबाईशी वाद घालायचा तर माणसानं घरून जेवून यावं, कारण मधे सुटका नाही. जळकोटहून डोंगराकडं जी सडक जाते, तिच्यावरचं हे लहानसं गाव, आणि गावातलं शेवटचं घर तिचं. साठी उलटलेली बाई. उंचीनं कमी, आवाजानं जास्त. पाऊस कधी येणार यावर ती टीव्हीतल्या हवामानवाल्यालासुद्धा दोन शब्द सुनवायची. तरी तिला कुणी आगाऊ म्हणत नव्हतं, कारण बाई बोलायची तेवढं करायची. नुसती बोलून मोकळी होणारी माणसं गावात पुष्कळ होती. ती त्यातली नव्हती.

माहेर तिचं औरादकडचं, कर्नाटकाच्या शिवेवरचं. लग्नात बापानं एक देवणी कालवड दिली होती, अंगानं पांढरीशुभ्र आणि तोंडाच्या दोन्ही बाजूंनी काळी. सासरी येऊन शिवकांता मराठी शिकली, कालवड काही शिकली नाही. तिला 'ये' म्हटलं की ती ढिम्म, आणि 'बा इल्ली' म्हटलं की कान टवकारून हजर. त्या कालवडीच्या लेकी झाल्या, नाती झाल्या, पणत्या झाल्या, पण हाक कानडीतच राहिली. आता गोठ्यात दोघी होत्या. म्हातारी गौरा आणि तिची लेक चंद्री.

आणि नवरा चन्नबसप्पा. बायको जेवढी बोलायची तेवढे हे गप्प. उभा जन्म गावात किराणा विकला, पण गिऱ्हाइकाशी भावाची घासाघीस कधी केली नाही. ते खातं बायकोकडं होतं. आता दुकान बंद केलेलं. सकाळी आंघोळ, कपाळाला भस्म, गळ्यातलं लिंग तळहातावर घेऊन पूजा, आणि दर सोमवारी एक काम ठरलेलं. धोतराच्या सोग्यात राळं आणि साखर कालवलेलं पीठ घ्यायचं, घरामागच्या माळावर जायचं आणि मुंग्यांच्या बिळाभोवती घालून यायचं. याला ते दासोह म्हणायचे. मठात माणसांचा दासोह होतो, आल्यागेल्याला पंगतीत बसवतात, मग मुंग्यांना कुणी बसवायचं? आयुष्यात त्यांनी मोठ्यानं मांडलेला हा एकच मुद्दा असेल. शिवकांताबाई म्हणायची, "माणूस निरुपद्रवी हाय. मुंग्यांना चारतंय, चारू द्या."

आता दुखणं काय होतं ते सांगतो. पूर्वी या पट्ट्यात ज्वारी होती, तेव्हा घरोघर कडब्याच्या गंजी होत्या. सोयाबीन आलं, हातात पैसा खेळला आणि कडबा गेला. सोयाबीनचं भुसकट गाईपुढं टाकलं की ती आपल्याकडं अशी बघते की आपलीच मान खाली जावी. विकतचा चारा आणायचा तर उदगीरहून मुलानं पाठवायचा. मुलगा उमाशंकर, तिथं त्याचं हार्डवेअरचं दुकान. पोरगा वाईट नाही, उलट चांगला म्हणून तर पंचाईत. दर फोनला एकच धोशा, "अव्वा, तुम्ही दोघं इकडं या. तुझे गुडघे गेले, अप्पांना दिसत न्हाई. गायी हळीच्या बाजारात देऊ, चांगला माणूस बघून देऊ." आणि बाईला पक्कं ठाऊक होतं, एकदा का गोठा रिकामा झाला की होनवाडीत थांबायला तिच्याकडं कारणच उरणार नाही. गायी गेल्या म्हणजे घर गेलं.

घरामागचा माळ त्यांच्याच मालकीचा होता. पण कसला माळ? नुसता मुरूम. ती नवी नवरी होती तेव्हा तिथं मारवेल आणि पवन्याचं गवत कमरेएवढं व्हायचं. पुढं मेंढरं फिरली, उन्हाळ्यात कुणी ना कुणी काडी लावायचं, आणि राहिली ती कुसळं. गाईच्या जिभेला टोचतील अशी. गेल्या दिवाळीत उमाशंकर पुन्हा तोच विषय घेऊन बसला, तेव्हा बाईनं हातातलं ताट खाली ठेवलं.

"हे बघ उमा. पुढल्या पोळ्यापर्यंत माझा माळ गवतानं हिरवा करून दाखवते. गायीचं पोट विकतच्या चाऱ्याबिगर भरंल असा. न्हाई झाला तर टेंपो घेऊन ये. माझ्या हातानं गायी चढवते, अन् आम्ही बी येतो."

"शब्द?"

"शब्दाबिगर मी तुला दुसरं काय दिलं आजवर?"

चन्नबसप्पा तेव्हा सुपारी कातरत होते. त्यांनी फक्त अडकित्ता थांबवला.

लेक अंबिका किनवटला होती, निवासी शाळेच्या वसतिगृहात अधीक्षिका. दिवाळी उरकली आणि बाई निघाली किनवटला. लेकीला वाटलं, आई विश्रांतीला आली. आईनं दुसऱ्याच दिवशी कमरेला ओट्याची झोळी बांधली आणि वसतिगृहाच्या स्वयंपाकाच्या बायांना घेऊन जंगलाच्या कडेला गेली. वाळलेल्या मारवेल-पवन्याची कणसं मुठीनं ओरबाडून बी गोळा करायचं. हात चिरून निघाले. येताना दोन पोती भरून बी आणलं. पोती फुगलेली, पण वजनाला उशीएवढी. गाडीत शेजारणीनं विचारलं, "काय माल हाय, मावशी?" बाई म्हणाली, "गवत." डब्यात हशा पिकला. बाईला त्याचं काही नव्हतं. हाताच्या काकणाला आरसा कशाला, असं तिचं म्हणणं. पोळ्याला बघा.

मिरग निघायच्या आधी तिनं धूळपेरणी केली. शेजारचे अमृतराव बैल घेऊन आले, मुरमात चर ओढून दिले. "अक्का, गवत कुणी पेरतं का? ते येतं आपल्या आपण."

"आलं असतं तर पेरलं असतं का?" बाईनं एका पोत्यातलं बी चरांतून फेकत नेलं आणि वर माती ओढली. दुसरं ठेवलं, असावं जवळ म्हणून.

दोन-चार दिवसांनी बघते तर चर मोकळे. माती उकरून पाहिली, बी नावाला नाही. झालं. आधी चिमण्यांचा उद्धार केला, मग तितरांचा. तेवढ्यानं भागेना म्हणून अमृतरावांच्या कोंबड्यांवर घसरली. त्या कोंबड्यांच्या मूळ पुरुषापर्यंत जाऊन आली. अमृतराव मुकाट ऐकत होते, शहाणा माणूस. बोलून दमली तेव्हा बाभळीखाली टेकली, आणि तिला दिसलं की गवत चाललंय.

खरंच चाललं होतं. पवन्याचं एकेक बी उभं धरून मुंग्यांची रांग निघाली होती. बी मुंगीच्या दुप्पट, त्याला वर लांब शेपटी, त्यामुळं मुंगी दिसतच नव्हती, नुसतं बी डुलत जाताना दिसायचं. बाई गुडघे धरत उठली आणि रांगेमागं निघाली. रांग जिथं संपली तिथं बीळ. बिळाभोवती सोललेल्या फोलपटांचं गोल कडं, आणि कड्यावर पिवळे राळ्याचे दाणे. पलीकडं दुसरं बीळ, तिथंही राळं. वर माळभर तेच. आपलेच दात, आपलेच ओठ. बाईला कपाळावर हात मारून घ्यावासा वाटला. वर्षानुवर्षं नवऱ्यानं दर सोमवारी पंगती उठवल्या होत्या, आणि माळ मुंग्यांनी नांदता झाला होता. तिथंच नेऊन तिनं पोतंभर बी ओतलं होतं.

घरी येऊन तिनं पदर खोचला. "तुमच्या मुंग्यांनी माझं पोतं लुटलं."

चन्नबसप्पांनी विचार केला. "आज तर सोमवार न्हाई."

"वार बघून चोरी करतेत का त्या?"

"चोरी कशी? माळावर टाकलेलं खायचं, हे मीच शिकवलं त्यास्नी." मग म्हणाले, "चूक माझी हाय. तुला आधी सांगायला पायजे होतं." आता यावर भांडायचं कसं? बाईला त्यांचा याच गोष्टीचा राग यायचा. समोरचा माणूस भांडणातून उठूनच जायचा.

अमृतरावांनी जळकोटहून पावडरचा डबा आणून दिला. "अक्का, बिळावर फुकायची, खेळ खलास." सकाळी बाई डबा घेऊन निघाली. चन्नबसप्पा पूजा आटोपून ओट्यावर बसले होते.

"घालायला निघालीस का?"

"हाव."

"घाल. फक्त सोमवारी मी कुठं जायचं, तेवढं सांगून ठेव."

रागानं नाही म्हणाले ते. खरंच विचारत होते. दुकान गेलं, डोळे चालले, घरात बोलायचं काम बायको करते. त्या माणसाकडं आठवड्यात एक सोमवार होता.

बाई माळावर गेली. एका बिळाशी बसली. एक मुंगी बी घेऊन आली, आणि ते तोंडाशी आडवं अडकलं. मुंगी ओढतेय, बी हलत नाही. किनवटहून येताना गाडीच्या दारात तिचं पोतं असंच आडवं अडकलं होतं, आणि मागच्या बायांनी लोटून आत घेतलं होतं. इथंही मागून दुसरी आली, मोठ्या डोक्याची. तिनं बी वळवलं, दोघी आत गेल्या. बाईनं डब्याचं झाकण दाबून बसवलं. मग उठली आणि डबा अमृतरावांच्या दारात नेऊन ठेवला. "तुमच्या कोंबड्यांना बोलले ते मागं घेते. तुम्हाला बोलले ते न्हाई."

तुम्ही म्हणाल, बाई हरली. छट्. ज्याला घरी पानावर बसून मिळतंय तो दुसऱ्याच्या रानात कशाला जाईल, असा तिनं हिशेब लावला आणि नवऱ्याला हुकूम सोडला. आता सोमवार-बिमवार नाही, दासोह रोज. आणि या बाजूला नाही, पार पलीकडच्या बांधाला, बख्खळ घालायचं. चन्नबसप्पांच्या चेहऱ्यावर जी कळा आली ती बाईनं लग्नातही पाहिली नव्हती. इकडं तिनं दुसरं पोतं शेणामातीत कालवून हरभऱ्याएवढ्या गोळ्या वळल्या. वाळवल्या. माळभर टाकल्या. आणि बेत लागू पडला. मुंग्या बांधाला जेवत राहिल्या, शेणाच्या गोळ्यांना एकीनंही तोंड लावलं नाही. बाईनं अंबिकाला फोन केला, "जमलं बघ. तुझ्या भावाला सांग, टेंपो दुसऱ्या कामाला लाव म्हनावं."

आणि मग पाऊस आला. आला तो असा की डोंगरावरून लाल पाण्याचे लोट निघाले. गोळ्या गोल, माळ उताराचा, झाकायला माती नाही. सगळ्या गडगडत ओढ्याला मिळाल्या. पाऊस थांबल्यावर बाई गेली तेव्हा माळ धुतलेल्या परातीसारखा पडला होता. पोती दोन्ही रिकामी. जंगलात आता बी नाही, ते पुन्हा दिवाळीनंतर. ती घरी आली आणि गोठ्यात जाऊन चंद्रीच्या मानेवर हात टाकून उभी राहिली. पुढचे काही दिवस त्या घरातून आवाज आला नाही. गावात बाया एकमेकींना विचारू लागल्या, शिवकांताबाई गावाला गेली का?

उघडीप पडली त्या सोमवारी चन्नबसप्पा सवयीनं वर जाऊन आले, आणि बायकोला म्हणाले, "चल." एवढंच. तिनं विचारलं कुठं, तर नुसते पुढं चालू लागले.

माळावर मुंग्यांनी वाळवण घातलं होतं. आत शिरलेल्या पाण्यानं भिजलेलं बी त्यांनी उन्हात आणून पसरलं होतं, पापड-कुरडया घालाव्यात तसं. आणि बिळाभोवतीच्या फोलपटांच्या कड्यात, बाईचा विश्वास बसेना, हिरव्या सुया उभ्या होत्या. चन्नबसप्पांना त्या नीट दिसतही नव्हत्या. त्यांनी बोटांनी चाचपल्या होत्या.

"कुसळ असंल," बाई म्हणाली. पण बसली. रोज येऊन बसू लागली. काड्यांना पेरं सुटली तेव्हा पेऱ्यावर पांढऱ्या लवीचं कडं आलं, मारवेलीला येतं तसं. तेव्हा तिनं मान्य केलं. मुंग्यांनी नेलेलं सगळं खाल्लं नव्हतं. काही फोलपटांबरोबर फेकलं, काही वाळवणातून आत न्यायचं राहून गेलं. बिळाभोवतीची माती त्यांनीच उकरून मऊ केलेली, वर फोलपटांचं खत. पुरात माळ धुऊन गेला, ही कडी राहिली. आपण पेरलेलं गेलं आणि चोरीला गेलेलं उगवलं, असं म्हणून ती एकटीच हसली, आणि हसता हसता रडली. मग दोघांनी बाभळीच्या काट्या तोडल्या आणि प्रत्येक गोलाभोवती कूड घातलं.

पण हिशेबाला बाई पक्की. पोळ्यापर्यंत गवत गुडघ्याला लागलं, पण ते गोलागोलांनी. मधे सगळा मुरूम. यात दोन गायी महिनाभरही निघाल्या नसत्या. शब्द माळ हिरवा करायचा होता, ठिपके काढायचा नव्हता. उमाशंकरनं फोनवर विचारलं तेव्हा ती म्हणाली, "ये टेंपो घेऊन."

पोळ्याच्या करीला तो आला. गाईंच्या शिंगांना आदल्या दिवशीचा रंग तसाच होता. टेंपो माळाच्या खालच्या अंगाला सडकेवर उभा, कारण वर चाक येत नाही. बाईनं स्वतःच्या हातानं दोघींची दावी सोडली. गौराचं दावं चन्नबसप्पांच्या हातात, चंद्रीचं उमाशंकरच्या. 'बा इल्ली' म्हणत बाई पुढं चालली, आणि गायी मुकाट मागून निघाल्या. अमृतराव बांधावर टोपी काढून उभे होते.

माळाच्या मध्यावर एका कुडाची काटी रात्रीच्या वाऱ्यानं पडली होती. चंद्रीला वास लागला. तिनं मानेला हिसडा दिला आणि तोंड थेट मारवेलीत घातलं. जिभेनं गवत वळून ओढायचा तो आवाज उमाशंकरनं लहानपणानंतर आज ऐकला. त्यानं दावं सैल सोडलं.

"खाऊ दे, अव्वा. जाता जाता चार घास."

शिवकांताबाई वळली, आणि ते गेलेले गुडघे घेऊन पळत आली. चंद्रीच्या तोंडावर तिनं फाडकन हात मारला. त्या गाईला तिनं जन्मात कधी मारलं नव्हतं. तोंडावरच्या मोरखीच्या दोरीला धरून तिला मागं ढकललं, आणि आपण गवताच्या आडवी उभी राहिली. "हट्. अजून तुरा आला न्हाई. बी पडल्याबिगर कुणी तोंड लावायचं न्हाई याला."

उमाशंकर बघत राहिला. "अव्वा, तू तर आज उदगीरला चाललीस. बी कुणासाठी धरून राहिलीस?"

बाईनं तोंड उघडलं. होनवाडीत हे कुणी पाहिलं नव्हतं, की तिला विचारलं आणि उत्तर आलं नाही. मोरखी मुठीत तशीच. तोंड उघडंच, आणि डोळ्यांतून पाणी गळायला लागलं. चंद्री मार खाऊनही तिच्याच खांद्यावर मान घासत होती.

चन्नबसप्पांनी पोराकडं पाहिलं. "पंधरा-वीस दिवसांत तुरा येईल," ते म्हणाले. "पडलेलं बी मुंग्या नेतील. पुढल्या साली गोल मोठे होतील. म्हणून धरून राहिली."

उमाशंकरनं खाली सडकेकडं पाहिलं, टेंपोवाला काच पुसत होता. पोरानं हात वर केला आणि त्याला जा म्हणून खूण केली. टेंपोवाल्याला कळेना, म्हणून दुसऱ्यांदा केली.

"शब्द दिलाय मी," बाई कशीबशी म्हणाली. "शब्द म्हंजे शब्द."

"मला दिला होतास ना? मी सोडला." त्यानं वाकून पडलेली काटी उचलली, कुडात परत खोचली, हाताला काटा लागला तो चोखला. मग चंद्रीचं दावं घेऊन तो घराकडं वळला, आणि गवताच्या दर गोलाशी तिला ओढून धरत, लांबून वळसा घालत चालला.